ज्याची गोष्ट, त्याचं नाव

अण्णांना, म्हणजे मालिकांचे पटकथालेखक अनंतराव कोंढाळकर यांना, मी पहिल्यांदा भेटले ते आंबवड्याच्या देवळात. महिन्यातून एकदा ते सभामंडपात बसून नवख्या लेखकांच्या गोष्टी ऐकतात, असं कळलं होतं. गुंजवण्याहून एसट्या बदलत मी गेले आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "मोठ्यानं सांगायला भीती वाटते. कुणी कल्पना उचलली तर?"

"कानात सांगितलेली गोष्टच चोरीला जाते," अण्णा म्हणाले. "चारचौघांत सांगा, गाव साक्षीला राहील."

श्रोते म्हणजे दर्शनाला आलेल्या बायका आणि सावलीला टेकलेले शेतकरी. राजगड चढायला येणाऱ्यांसाठी शेजारीशेजारी खानावळी चालवणाऱ्या, पण एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांची गोष्ट मी त्यांना सांगितली. अण्णा डोळे मिटून ऐकतात. कंटाळले की खरोखर घोरतात. ते घोरले तिथे कात्री लावायची, हा त्यांच्याकडे येणाऱ्या आम्हा लेखकांचा नियम. माझ्या गोष्टीत ते दोनदा घोरले, आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

मग अण्णांनी मला घरी नेऊन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हातची भाकरी खाऊ घातली आणि जेवता जेवता समजावलं, की नुसत्या कल्पनेवर कायद्याने हक्क मिळत नाही. ती तपशिलाने लिहून काढली, तर लिहिलेल्यावर मिळतो. सगळी गोष्ट लिहून लेखकांच्या संघटनेत नोंदवेपर्यंत त्यांनी मला मुंबईची गाडी धरू दिली नाही. भोर-वेल्ह्यातले आम्ही काही जण आज लिहून पोट भरतो, ते अण्णांच्या या हट्टावर.

मुंबईत निर्मात्यांना मालिकेसाठी गोष्ट पसंत पडली. पटकथा अण्णांनी लिहावी असं ठरलं. करार हाती आला, तर 'कथा-पटकथा' या शब्दांपुढे एकट्या अण्णांचं नाव, आणि माझी बोळवण 'विशेष आभार' यावर. निर्माते म्हणाले, "कल्पना काय, कुणालाही सुचते. बाईंना एकरकमी काहीतरी देऊन टाकू."

त्या दिवसांत अण्णांच्या हाती दुसरं काम नव्हतं. ते सही करतील अशी मला धास्ती होती. एरवी छापील मराठी बोलणारे अण्णा चिडले की आंबवड्याचे होतात. ते म्हणाले, "भात हिनं पिकवलंय. आमी निस्तं झोडाय आलोय. पोत्यावर आमचं नाव घालनार न्हाई."

करार तिथेच ठेवून ते उठले. परतीच्या गाडीत मी रडत होते आणि अण्णा शांतपणे शेंगा सोलून मला देत होते. काही दिवसांनी निर्मात्यांचाच फोन आला. दुसऱ्या कुणा लेखकाला त्या गोष्टीचा घाट जमत नव्हता. 'कथा' म्हणून दर भागात माझं नाव आणि दर भागाचं वेगळं मानधन, असा नवा करार झाला. तेव्हा मला अण्णांचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

पहिला भाग घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. माझं नाव झळकलं तशा सासूबाई म्हणाल्या, "भांडान माजं आन जावंचं, आन नाव एकट्या तुजंच व्हय गं?" घरातले हसले. मीही हा किस्सा अण्णांना हसत हसत सांगितला, पण ते हसले नाहीत. "बरोबर बोलतात त्या," एवढंच म्हणाले आणि पुन्हा निर्मात्यांशी भांडायला गेले. थोड्याच दिवसांत माझ्या नावाखाली ओळ आली, 'कथाबीज: हौसाबाई व गजराबाई शिळीमकर'. सासूबाई हौसाबाई आणि त्यांच्या जाऊ गजराबाई, दोघींना मानधनही मिळालं. ओळीत कुणाचं नाव आधी यावरून दोघी कडाडून भांडल्या, पण कित्येक वर्षांनी एकमेकींशी बोलल्या.

अण्णा पंच्याहत्तरीत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि आमच्या गोष्टींत ते यापुढेही हक्काने घोरत राहोत. आमच्या घरून आलेली शुभेच्छा अशी आहे: "अन्नास्नी शंभर वर्सं औक्ष मिळू दे, आन कुनाची बी गोष्ट त्याच्याच नावानं ऱ्हाऊ दे." हे वाक्य माझं नाही. हौसाबाई शिळीमकर यांचं आहे.