बेबीताईचा लाल बोकड

केनवडात बकरी घ्यायची तर आधी बेबीताईला दाखवायची, असा चाळीस वर्षांचा रिवाज. घेणारा स्वतःला कितीही शहाणा समजो. बेबीताई बकरीला हातसुद्धा लावत नसे. दारातूनच एकदा पाठीवरून, एकदा पोटाखालून नजर फिरवायची आणि म्हणायची, "घे," नाहीतर "सोड." विकणारा कितीही कुरकुरला तरी त्यावर दुसरा शब्द नाही. तिनं गाभण म्हणून दिलेली बकरी रिकामी निघाल्याचं गावात कोणालाच आठवत नाही. गाव अशा गोष्टींना तिखटमीठ लावतंच, पण चिमूटभर. भाजी मुळात असावी लागते, आणि ती होती.

साठी ओलांडली आणि गुडघ्यांनी दगा दिला. बकऱ्यांमागं फिरणं संपलं, कळप विकावा लागला. नंतर बेबीताई रिकाम्या गोठ्याकडं तोंड करून बसायला लागली. जेवायला बोलावलं तर उठायची, नाही बोलावलं तर तशीच. अकोल्याला नोकरीला असलेल्या रवीला आईचं हे बसणं बघवेना. तिथलं एक शोभेचे मासे विकायचं दुकान बंद होत होतं, तिथून त्यानं एक काचेची टाकी आणली. आत शेवाळ, आणि शेवाळात वीस झिंगे.

"हे काय आणलं बापा?" बेबीताई म्हणाली. "याले ना शिंगं, ना कास!"

चार दिवस तिनं टाकीकडं पाठ केली. पाचव्या दिवशी पाट ओढून समोर बसली, ती बसलीच. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं, शेवग्याचा पाला उकडून त्यातली दोन पानं टाकायची, हे तिनं आपलं आपण बसवलं. सून रत्नमाला म्हणायची, "आमाले कधी इतक्या मायेनं नाही वाढलं." त्यावर बेबीताईचं उत्तर तयार असायचं, "तुले मांगता येते."

विसात तीन झिंगे मोठे आणि लालभडक होते. प्रवासाच्या दगदगीनं त्यातले दोन गेले, एक राहिला. बाकीचे सतरा बारीक, फिकट, जवळजवळ आरपार दिसणारे. बेबीताईनं एकच नजर टाकून निकाल दिला: लाल तो बोकड, बाकी साऱ्या बकऱ्या. तिचं चुकलं असं तरी कोण म्हणणार? कोंबडा तुऱ्याचा, मोर पिसाऱ्याचा, सांड वशिंडाचा. डौल नराकडं आणि काम मादीकडं, असाच हिशेब तिनं जन्मभर पाहिला होता.

महिना झाला असेल. जवळच्याच मालेगावच्या अंगणवाडीतल्या ललिताबाई केनवडात लग्नाला आल्या आणि वाट वाकडी करून बेबीताईला भेटल्या. आठ वर्षांपूर्वी इथूनच नेलेल्या बकरीची तिसरी पिढी त्यांच्या दारात बांधलेली होती. अंगणवाडीला कोणीतरी काचेची टाकी दिली होती, पण ती कोरडीच पडून होती.

"ताई, पोराईले पिल्लं जन्मतांनी दाखवाची हायेत," त्या म्हणाल्या. "तुमी द्याल ते डोळे झाकून नेतो."

बेबीताईनं दहा फिकट झिंगे वेचून बरणीत घातले. "महिनाभर बोकडासंगं व्हत्या. साऱ्या गाभण असतीन."

"आन् बोकड?"

"गाभण बकरी नेतांनी कोणी बोकड नेते काय?"

दोघी हसल्या. ललिताबाई बरणी छातीशी धरून गेल्या.

तीन आठवड्यांत त्यांचे दोन फोन आले. पोरं सकाळी आल्या आल्या चपलांसकट टाकीकडं पळतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, "झाली का पिल्लं?" बेबीताई म्हणायची, "व्हतीन, व्हतीन. घाई कायची?"

अन् इकडं तिच्या लाल बोकडाच्या पाठीवर, डोक्याच्या मागं, पिवळसर डाग उठला. दुखणं आलं म्हणून ती धास्तावली. दोन दिवसांनी बोकडानं कात टाकली. पांढरी पोकळ कात शेवाळात अडकून राहिली आणि त्याच दुपारी टाकीत धुमाकूळ सुरू झाला. एरवी शांत चरणाऱ्या सातही 'बकऱ्या' वेड्यासारख्या वर-खाली पोहू लागल्या. लाल झिंगा शेवाळात लपला, तर त्या शेवाळाभोवती घिरट्या घालू लागल्या.

बेबीताईच्या हातातला पाला हातातच राहिला. अशी धावपळ तिनं चाळीस वर्षं पाहिली होती. एका बोकडामागं सात बकऱ्या अशा धावत नाहीत. एका बकरीमागं सात बोकड मात्र धावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल झिंग्याच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला. मोहरीहून बारीक, पिवळट दाणे, आणि ती बाई पोटाखालचे इवलेसे पाय हलवून त्यांना एकसारखी वारा घालत होती.

बेबीताई खो खो हसली. रत्नमाला पोळपाट टाकून धावत आली. "पाह्य वं, आपला बोकड गाभण!" म्हणत सासू हसता हसता मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला. मालेगावला दिलेले दहाच्या दहा नर होते.

दोन दिवस तिनं चष्मा लावून नुसतं निरखलं. मग रत्नमालाला शेजारी बसवून दाखवलं. मादी थोराड आणि रंगानं गडद. तिचं पोट खाली झोल दिल्यासारखं गोल, कारण अंडी तिथं सांभाळायची असतात. अंडी पोटाखाली उतरायच्या आधी पाठीवर डाग दिसतो, ते दुखणं नाही. नर सडपातळ, पोटाची रेघ सरळ, मिशा लांब, अन् पाय एका जागी ठरत नाही. "सारं डोयासमोर व्हतं," ती म्हणाली. "म्या पाह्यलंच नाही. मले ठाऊक हाये, हेच धरून बसली."

रवीला फोन केला. दुसरे झिंगे मिळायला दोनेक महिने लागतील, तो म्हणाला. घरच्या टाकीत मादी आता ही एकच.

"राहू द्या ना," रत्नमाला म्हणाली. "पिल्लं झाली नाही तं लोक म्हनतीन पाणी मानवलं नाही. ललिताबाईले काय समजते त्यातलं?"

"तिले समजत नाही, म्हणूनच तं ते माह्याकडं आली!"

बेबीताईचा आवाज चढला. बकरीच्या सौद्यात खोटं बोलणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. किड्याएवढ्या झिंग्यापायी झोप उडालेली बाई फार थोड्यांनी पाहिली असेल. ही बाई थोर आहे, आणि हे म्हणायला तिच्या मरणाची वाट का पाहायची?

सकाळच्या एसटीनं ती मालेगावला निघाली. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, मांडीवर बरणी आणि बरणीत तिची एकुलती एक मादी. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी बरणी उचलून धरायची. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, लोणचं काय?" तिनं ऐकलंच नाही.

अंगणवाडीत पोरांनी तिला गराडा घातला. बरणीतला लाल झिंगा पाहून एकानं आरोळी ठोकली, "राजा आला!"

"जयभीम ताई, अचानक?" ललिताबाई पुढं आल्या. मदतनीस बाई दारात उभी होती, दोन-चार पोरांच्या आया होत्या. बेबीताईनं कोणाला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, माही चूक झाली. म्या तुले दहाही नर देल्ले. राजा नोहे हा. माय हाये, गाभण हाये. हे ठेव."

"तुमच्याकडं दुसरी हाये ना?"

"नाही."

"मंग घेऊन जा ताई. पोरं थांबतीन."

"पोराईनं तीन आठवडे वाट पाह्यली. आता मी पाह्यतो."

नव्या गोठ्यात जनावर एकदम सोडत नाहीत, म्हणून तिनं टाकीतलं पाणी वाटी-वाटीनं बरणीत मिसळलं. पोरं रांगेत उकिडवी बसून राहिली. तासाभरानं मादी टाकीत गेली, तळाशी टेकली आणि पोटाखाली वारा घालू लागली. पोरांनी काचेला नाकं लावली. बेबीताईनंही लावलं.

सव्वीस-सत्तावीस दिवसांनी फोन वाजला. मागं पोरांचा इतका गलका की ललिताबाईंचं बोलणं निम्मं बुडत होतं. पिल्लं झाली होती, वीसेक तरी, तांदळाच्या कणीएवढी.

"ताई, पोरं विचारून राह्यली, यातले नर कोणते, माद्या कोणत्या?"

दारातून एका नजरेत निकाल देणाऱ्या बेबीताईनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आज नाही सांगत बाई," ती म्हणाली. "दोन महिने वाढू दे. मंग मी येईन, पोट पाहीन, तवा सांगीन."