माझे पाचपैकी दोन

सर्वेक्षणाला आलेली मुलगी चपला काढून आत आली आणि माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "आजींचा फॉर्म तुम्हीच भराल ना?"

"आजी इथंच बसल्यात," मी म्हणाले. "मला विचार."

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं गोळ्या तपासल्या. निवृत्तीनंतर चिखलोलीला मुलाकडे राहायला आले. तेव्हापासून वय सांगितलं, की लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात. त्याची मला चीड आहे.

मुलगी कॉलेजच्या कामासाठी आली होती. कुठल्या वयाच्या माणसांना इंटरनेटवरची आरोग्याची माहिती किती समजते, हे तिला मोजायचं होतं. माहिती शोधता येते का? खरी-खोटी ओळखता येते का? स्वतःला पाचपैकी गुण द्या. मी बहुतेक ठिकाणी दोन दिले. खोटं किती सफाईने खपवतात, ते मला माहीत आहे.

सोफ्यावर माझा मुलगा होता. वय एकोणचाळीस. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "माझे सगळीकडे पाच टाक."

ती टाकायलाही लागली. माझं डोकंच फिरलं.

"थांब. आधी त्याला विचार, बीपीची गोळी का बंद केली."

सून चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. तिला माहीत नव्हतं. त्याच्या गोळ्यांची पाकिटं महिनाभर होती तेवढीच होती, हे मी पाहिलं होतं. दोनदा विचारलंही होतं. "तुला नाही कळणार त्यातलं," हे उत्तर मिळालं होतं.

"आई, बाहेरच्यांसमोर काय हे!"

"ती हेच मोजायला आली आहे."

"अगं, डॉक्टरचा व्हिडिओ आहे. लाखो लोकांनी बघितलाय."

"दाखव."

त्याने दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस गोळ्यांना विष म्हणत होता. मी खालचा मजकूर उघडला. पदवीचा पत्ता नाही. पावडर विकत घ्यायची लिंक मात्र तीनदा.

"हा डॉक्टर नाही, दुकानदार आहे," मी म्हणाले. मुलगा उठून बाल्कनीत गेला.

त्याच संध्याकाळी सुनेने त्याला बदलापूरला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रेशर बरंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही.

सर्वेक्षणाच्या दिवशी जाताना ती मुलगी कुजबुजली होती, "मावशी, हिशोबात मात्र तुमचे गुण कमी आणि तुमच्या मुलाचे जास्तच येणार. आज जे झालं ते लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाही."

"मग समासात लिही. आणि पुन्हा येशील तेव्हा गुण मागू नकोस, व्हिडिओ घेऊन ये."

ती खरंच आली, तीन व्हिडिओ घेऊन. मी बिल्डिंगमधल्या साठीपुढच्या सात जणी खाली हॉलमध्ये जमवल्या. "आम्हाला काय कळतंय," म्हणत बसलेल्यांना उठू दिलं नाही. त्यांच्यात सोनिवलीहून लेकीकडे आलेली, जन्मभर शेती केलेली एक बाई होती. अक्षरओळख नाही. तिने पहिला व्हिडिओ अर्धा ऐकला आणि हात वर केला.

"हा बाबा इकतोय काय?"

मुलगी तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेऊ लागली.