शिक्का बदलण्याचे चाळीस युरो

आमच्या बुचांच्या कारखान्यात दोना झुल्मिराला कुणी घाबरत नसे, पण तिच्या कपाटाला सगळे घाबरत. त्या कपाटात सहाशेच्या वर पितळी शिक्के होते. कुणाचा कोंबडा, कुणाचा बुरूज, कुणाच्या आजोबांची सही. कुठला शिक्का कुठल्या खणात, हे फक्त तिला ठाऊक. वाइनवाल्याची ऑर्डर आली की ती त्याचा शिक्का शोधायची, यंत्रावर बसवायची, तापवायची, वीसेक बुचं डागून बघायची. वाकडं उमटलं की काढून पुन्हा बसवायची. एकतीस वर्षं तिनं हेच केलं. मी शेजारच्या खोलीत बुचांतला ओलावा मोजायची. मधली भिंत अर्धीच असल्यामुळे तिचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

दोन हजार नऊच्या शरदात मालक, सेन्योर काझिमिरो, यांनी पोर्तोहून खर्चाचे हिशेब जाणणाऱ्या दौतोरा इल्दाला बोलावलं. ऑर्डरी भरपूर होत्या, पण वर्षाच्या शेवटी हाताला काही लागत नव्हतं. पैसा कुठे मुरतो ते शोधायचं होतं. दौतोरा पन्नाशीची, सपाट बुटांची, स्वतःची कॉफी स्वतः घेऊन येणारी बाई. तिनं प्रत्येकाला एक तक्ता दिला. सहा आठवडे, कोण काय करतं आणि त्याला किती वेळ लागतो, ते लिहायचं.

झुल्मिरानं पहिल्या आठवड्यात लिहिलं, "आठ ते पाच: काम." दौतोरानं तक्ता परत केला.

दुसऱ्या आठवड्यात झुल्मिरानं काहीच सोडलं नाही. दौतोरा तो तक्ता घेऊन डागायच्या खोलीत आली.

"दोना झुल्मिरा, 'नऊ वाजता बुरुजाचा शिक्का हरवला, सव्वानऊला माझ्याच एप्रनमध्ये सापडला.' हे ठीक आहे. पण 'दहा वाजता टेलिफोन, सेन्योर आबिलियो, बायकोचा गुडघा' हे काय?"

"दोऊरू खोऱ्यातले गिऱ्हाईक आहेत ते, द्राक्षमळेवाले."

"हा गुडघा मी कुठे धरू?"

"शिकलेल्या तुम्ही आहात. गुडघ्याचं विचारल्याशिवाय ते ऑर्डर सांगत नाहीत."

दौतोरानं 'ऑर्डर घेणे' असं लिहिलं. ती गेल्यावर झुल्मिरा भिंतीवरून मला म्हणाली, "पोरी, एवढं लिहून घेतात म्हणजे कुणाला तरी काढणार."

मी म्हटलं, "नाही हो." पण मलाही तेच वाटत होतं.

फेब्रुवारीत सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. दौतोरानं समजावलं ते असं. वीज, देखरेख, यंत्रांची झीज, थेट बुचं न बनवणाऱ्या आमच्यासारख्यांचे पगार, हा सगळा वरकड खर्च आजवर बुचांच्या संख्येवर वाटला जायचा. दर हजारी अकरा युरो, मग गिऱ्हाईक कुणीही असो. आवेइरोचा वाइन बाटल्यांत भरणारा एक मोठा व्यापारी एका वेळी तीन लाख बुचं घ्यायचा आणि भाव पाडून मागायचा. त्याच्यात काही सुटत नाही, असं सगळेच म्हणत. छोटे मळेवाले चांगला भाव देत, म्हणजे ते आपल्याला पोसतात, असाही समज होता.

"तीन लाखांना शिक्का किती वेळा बदलता?" दौतोरानं विचारलं.

"एकदा," झुल्मिरा म्हणाली.

"आणि सेन्योर आबिलियोंच्या दोन हजारांना?"

"एकदाच. अर्धा शिक्का कसा बदलणार?"

"बरोबर. वर्षात तुम्ही सातशे ऐंशी वेळा शिक्का बदललात. त्या कामाचा वर्षाचा खर्च एकतीस हजार दोनशे. एका बदलाला चाळीस युरो पडले. आबिलियोंच्या ऑर्डरवर आपण वरकड खर्च धरत होतो बावीस. एकट्या शिक्क्यातच अठरा बुडाले."

आवेइरोच्या तीन लाखांवर मात्र तेहतीसशे धरले जात होते, बदल तोच एक. म्हणजे आवेइरोचा कंजूष आम्हाला पोसत होता. सेन्योर काझिमिरो खिडकीबाहेर बघत बसले. झुल्मिरानं हात वर केला.

"म्हणजे ते चाळीस युरो मी?"

"तुम्ही, वीज, तेवढा वेळ थांबलेलं यंत्र, वाया गेलेली बुचं."

"पण मी पगार महिन्याचा घेते. शिक्क्याचा नाही घेत."

"ते वेगळं आहे, दोना झुल्मिरा."

"कसं वेगळं?"

दौतोरानं पुन्हा समजावलं. झुल्मिरानं मान हलवली, पण तिला काही पटलं नव्हतं. सूप घेताना ट्रक चालवणारा विर्जिलियो म्हणाला, "दोना झुल्मिरा, पळी तुम्ही बदलू नका. चाळीस युरो लागतील." लोक हसले. ती ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"खरं सांग. मी महाग आहे की ऑर्डर महाग आहे?"

"ऑर्डर."

"मग त्यांनी माझं काम का मोजलं?"

 मी तिला पाव दिला.

एप्रिलपासून दर ऑर्डरमागे शिक्क्याचे चाळीस युरो वेगळे लावले. काही मळेवाले सोडून गेले, काहींनी दोन-तीन ऑर्डरी एकत्र केल्या. वर्षभरात शिक्के पाचशे वीस वेळाच बदलले. झुल्मिरा खूश होती. शिक्के कमी वेळा बदलायचे होते, तसंच झालं, म्हणाली. दुपारी तिला वेळ मिळू लागला. तिनं कपाट पुसलं, पुन्हा पुसलं, मग शिक्के अक्षरवार लावले, आणि त्या दिवसापासून तिला स्वतःलाच ते सापडेनासे झाले.

पुढच्या फेब्रुवारीत दौतोरा नव्हती. सेन्योर काझिमिरोंनी तिच्याच रीतीनं स्वतः भागाकार केला. खर्च तोच, एकतीस हजार दोनशे. भागिले पाचशे वीस. साठ युरो. यंदा शिक्का साठ, असं त्यांनी जाहीर केलं.

झुल्मिरा उभी राहिली. "सेन्योर काझिमिरो, मी तीच. यंत्र तेच. शिक्का बसवायला तेवढाच वेळ लागतो. काम कमी केलं तर मी महाग कशी झाले?"

"आकडाच तसा येतो."

"मग साठ लावा. आणखी काही जण सोडून जातील. मग ऐंशी येईल. शेवटी एकच मळेवाला उरेल, त्याला एकतीस हजार लावा."

कुणी हसलं नाही. मालकांनी पुन्हा कागद बघितला आणि त्याच दुपारी पोर्तोला फोन केला.

दौतोरा दुसऱ्या दिवशी आली. तिनं आकडे पाहिले. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "किती शिक्के बदलले त्यानं भागायचं नाही, किती बदलता येतात त्यानं भागायचं. सातशे ऐंशीनं. शिक्का चाळीसच राहील."

"मग दोनशे साठ शिक्क्यांचे दहा हजार चारशे कोण देणार?" झुल्मिरानं बोटांवर हिशेब करून विचारलं.

"गिऱ्हाईक नाही. ते कारखान्याचे. वेगळे दाखवायचे, रिकाम्या वेळाचे म्हणून."

"माझ्या रिकाम्या वेळाचे."

"हो."

आधी तिचं काम महाग होतं, आता तिचं बसणं दहा हजारांचं झालं होतं. त्या दिवशी तिनं कपाटाला हात लावला नाही.

दोन महिने गेले. मग एका सोमवारी मालक म्हणाले, "वेळ रिकामा आहे, तर विर्जिलियोच्या गाडीतून मळ्यांवर जा, नवी गिऱ्हाइकंही बघा. वर्षाची ऑर्डर एकदम द्या म्हणून सांगा. तुमचं ते ऐकतील."

तिनं एकही मळा कधी बघितला नव्हता. दोऊरूच्या वळणांवर तिला दोनदा उलटी झाली. आबिलियोंनी जेवायला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं करतो, तीन वर्षांची बुचं एकदम घेतो. एकदाच चाळीस देतो."

कारखान्याला हेच हवं होतं. झुल्मिरा म्हणाली, "नको. बुचं वर्षापेक्षा जास्त पडून राहिली की सुकतात. वाइन गळेल."

"मग मी दर वर्षी चाळीस द्यायचे?"

"हो."

"आणि तुम्ही हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

परतीच्या वाटेवर तिनं विर्जिलियोला विचारलं, आपण बरोबर केलं की चूक. तो म्हणाला, मला फक्त रस्ता कळतो. आबिलियो दर वर्षी कुरकुरत चाळीस देत राहिले. ती गेली त्या सतरा मळेवाल्यांपैकी अकरा जणांनी ऑर्डरी एकत्र केल्या, आणि फिरता फिरता तिनं दोन वर्षांत शंभरेक नवे मिळवले. शिक्क्यांचे बदल पुन्हा वर्षाला सहाशेच्या वर गेले. ते वाढले हे चांगलं की वाईट, ते तिनं मला विचारलं. मी म्हटलं, चांगलं. "मग कमी झाले होते तेव्हाही चांगलंच म्हणत होते," ती म्हणाली.

तीन वर्षांनी ती निवृत्त झाली. त्या वर्षी शिक्क्याचा दर त्रेचाळीस होता. वरचे तीन कशाचे, हे तिनं दौतोराला निरोपाच्या फोगासाचा, म्हणजे गोड पावाचा, तुकडा हातात धरून विचारलं. वीज महागली, असं उत्तर मिळालं. तिनं मान हलवली आणि मला हळूच म्हणाली, "मला वाटलं, पगार वाढला."