आत्यांच्या सकाळची ओळ

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. मैलापुरात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. घराणं तंजावरकडचं. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, तरी घरात मराठीच, आणि तीही अशी की मी साताऱ्याहून लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा सुरुवातीला नुसती मान डोलवत होते. त्यांना माझं मराठी रेडिओवरचं वाटायचं, मला त्यांचं पोथीतलं. आमचं जमलं ते भाषेमुळे नाही. दुसऱ्याने केलेल्या कामावर दोघींचाही विश्वास नाही, त्यामुळे जमलं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडायच्या. त्या निवृत्त झाल्या, मग त्यांचे यजमान गेले, आणि सिंगापूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या मुलाने धोशा लावला की आईने आता एकटं राहायचं नाही. कोइंबतूरला म्हाताऱ्या माणसांसाठी एक वसाहत आहे. बाग, डॉक्टर, आयतं जेवण, सगळं आहे. तिथल्या एका खोलीसाठी त्याने आईचं नावही घालून ठेवलं. आत्यांना ती बाग फोटोतसुद्धा बघायची नव्हती. बरीच धुसफूस होऊन शेवटी तह झाला. आई सकाळी नीट उठली एवढं त्याला रोज कळलं पाहिजे. कळलं नाही, तर कोइंबतूर.

रोज फोनवर हजेरी द्यायला मी काय शाळेत आहे का, असं म्हणून आत्यांनी मला बोलावून घेतलं. मी श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. इकडचे आकडे तिकडे नेणं हा माझा धंदा. कोड न लिहिता, नुसती बटणं मांडून अ‍ॅप कसं बनवतात आणि त्यातलं बटण दाबलं की ऑनलाइन शीटमध्ये आपोआप ओळ कशी उमटते, ते मी त्यांना दाखवलं. माझी कल्पना होती की आता त्या ‘तूच करून दे’ म्हणतील. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या.

पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला तो असा, की ओळ पोचली नाही तर ते कोण सांगणार? इतकी वर्षं मी हे काम करते, आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडलेला नाही. आमच्या शीटमध्ये आकडे यायचे बंद झाले की महिनाअखेरीस बोंब होते तेव्हा कळतं. आत्यांचं म्हणणं, लागलेला कॉल आपला आपण बोलतो, त्याला ऑपरेटर लागत नाही. न लागलेला कॉल मात्र वाट बघणाऱ्याला सांगावाच लागतो. म्हणून त्यांनी आधी तोच भाग केला. आठ वाजता शीट तपासायची, त्या दिवसाची ओळ नसेल तर मुलाला आणि मला मेसेज. मग नेट बंद करून पाहिलं, बटण दोनदा दाबून पाहिलं. शीटमधल्या रकान्याचं नाव मुद्दाम बदललं आणि जोडणी कशी तुटते ते समाधानाने बघत बसल्या. अशाच एका बदललेल्या नावापायी मी ऑफिसात बोलणी खाल्ली आहेत, त्यामुळे मला ते बघवत नव्हतं. पण मनातून म्हटलं, बाई भारी आहे.

अ‍ॅपमध्ये बटण एकच होतं, ‘काफी झाली’. आत्यांचा दिवस डिकॉक्शनच्या काफीने उजाडतो. ती घेतली की बटण, बटणामागोमाग शीटमध्ये ओळ. मुलगा तिकडे ऑफिसात ओळ बघायचा आणि कामाला लागायचा. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि एकादशी आली.

आत्यांकडे एकादशी म्हणजे साबुदाण्याची चैन नव्हे. पाण्याचा थेंबही नाही. पहाटे अंघोळ, सोवळं आणि देऊळ. सोवळ्यात फोनला हात लावायचा नाही, म्हणून फोन घरीच. मी कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत होते तेवढ्यात ‘आज ओळ नाही’ असा मेसेज आला. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाहीच. वाटेतच उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याशी कुठल्या भाषेत बोलले ते आज आठवत नाही. तोवर मुलाने सिंगापूरहून समोरच्या शेजारणीला फोन केला, शेजारणीने वॉचमनला उठवलं, वॉचमनने कुलूपवाल्याला आणलं. मी पोचले तेव्हा दाराचं लॅच जमिनीवर पडलं होतं, खाली अँब्युलन्स उभी होती आणि घरात कुणीच नव्हतं. जिन्यात निम्मी इमारत जमलेली.

त्या गर्दीतून सोवळ्याचं लुगडं सावरत आत्या वर आल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी शेजारणीला तमिळमध्ये विचारलं, “कोण गेलं?”

मला रडू फुटलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, काफी नव्हती तर नव्हती, जाता जाता बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? आत्या शांतपणे म्हणाल्या, “काफी घेतली नाहीं, मग झाली म्हणून कसं दाबूं? त्या शीटींत एकदां खोटं शिरलं, की मग अस्कं खोटं.” त्यांच्या भाषेत अस्कं म्हणजे सगळं. आमच्या ऑफिसात दुपारचे आकडे सकाळीच भरून मोकळे होणारे महाभाग आहेत.

दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन दाखल झाला. दारात नवं लॅच बसत होतं, ते बघून त्याचा चेहराच बदलला. माणूस वाईट नाही. त्या सकाळी थोडा वेळ त्याच्या लेखी आई गेलेली होती, आणि तो अजून त्यातून बाहेर आला नव्हता. आता बास, उद्या कोइंबतूरला जाऊ, सामान मागाहून नेता येईल, असं तो बसलेल्या आवाजात म्हणाला. आत्यांनी वाद घातला नाही. एक संध्याकाळ दे, एवढंच मागितलं, आणि लॅपटॉप उघडून बसल्या.

दुसरं बटण आलं, ‘उपास’. सोवळं नेसायच्या आधी ते दाबायचं, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं. मग मेसेजची वाट बदलली. पूर्वी ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्यांचा नंबर द्यायचे, पी.पी. नंबर म्हणायचे त्याला. समोरची शेजारीण ही आपली पी.पी., असं आत्यांनी ठरवलं आणि दाराची जादा किल्ली तिला नेऊन दिली. आठपर्यंत ओळ नसली तर अ‍ॅप आधी आत्यांनाच विचारेल. उत्तर नाही आलं तर शेजारणीला. ती किल्लीने दार उघडून बघेल आणि तिच्या फोनवरच्या दोन बटणांपैकी एक दाबेल, ‘ठीक’ किंवा ‘या’. ‘या’ दाबलं, तरच मुलाला मेसेज. तिचंही उत्तर आलं नाही, तर मला.

त्या मेसेजचा मजकूर टाइप करताना त्यांनी मला पलीकडे बसायला सांगितलं. एकेक अक्षर शोधत त्या बराच वेळ लिहीत होत्या. मुलगा सोफ्यावर बसून फोनमध्ये कोइंबतूरच्या गाड्या बघत होता.

मग म्हणाल्या, एकदा चालवून बघू. शेजारीण मी झाले. अ‍ॅपने आत्यांना विचारलं, आत्या हाताची घडी घालून बसून राहिल्या. मग माझा फोन वाजला. मी ‘या’ दाबलं.

मुलाच्या हातातला फोन थरथरला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. लिहिलं होतं: “मी उठलें नाहीं. किल्ली शेजारणीकडे आहे. तूं घाई करूं नको. जेवून, जपून ये.”

मला पुढचं दिसेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच नळ सोडून उभी राहिले.

“पोचला का?” बाहेर आत्या मुलाला विचारत होत्या.

पोचला, तो म्हणाला. मग गॅलरीत जाऊन त्याने कोइंबतूरला फोन लावला आणि आईचं नाव काढून टाकायला सांगितलं.