कंदिलाच्या पेटीतलं एक मत

देवीपुढचा नारळ मी उचलला तो खोबऱ्याच्या वड्यांसाठी. त्यात दुसरा काही हेतू नव्हता, हे आज मी शपथेवर सांगतो; त्या दिवशी मात्र मला कुणी बोलूच दिलं नाही.

झालं असं, की स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक आमच्या खाडीकाठी आली, तेव्हा मत म्हणजे काय हे माणसांना कळायच्या आत गावकीला कळलं होतं. सगळ्या वाडीनं एकाच पेटीत मतं टाकायची, असं देवळात बसून ठरवायचं होतं. मी मिठागरावर कारकून. काम आटपून पोचलो, तर सगळे गप्प बसलेले आणि नारळ देवीपुढे तसाच. मला वाटलं, पूजा झाली, प्रसाद कुणाला नको दिसतो. उचलला आणि पिशवीत टाकला.

देवळात एकदम गलका उठला.

आमच्यात असा नारळ उचलतो तो गावकीच्या शब्दाला जामीन राहतो. एक मत जरी फुटलं तरी जाब त्यानं द्यायचा, नाहीतर वाळीत पडायचं. एवढा वेळ कुणी पुढं होत नव्हतं, म्हणून ती शांतता होती.

"शाबास रं कारकुना!" गावकीचा म्होरक्या म्हणाला. "आन् आमी तुला भित्रा म्हनत व्हतो."

"अहो काका, मी वड्या..."

"वड्या कर, न्हायतर लाडू कर. सगली मतं होडीत पडली पायजेत. आता तुज्या गल्यात हाय."

होडी हे गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराचं चित्र. त्या काळी कागदावर शिक्का मारायचा नसे. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. आडोशाला जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. आमच्याकडे दुसरी पेटी कंदिलाची होती. आणि कंदील हा आमच्या मिठागराच्या शेठचा माणूस.

दुसऱ्याच दिवशी शेठनं बोलावलं. "जो भाई, मजूर लोक गावकीचे, त्यांचा मी समजतो. पण तू माझ्या पेढीचा. तुमच्या केंद्रावर कंदिलात एकपण मत नाय पडला, तर मी काय समजायचा?"

"काय समजायचं, शेठ?"

"के तुला नोकरीची गरज नथी."

वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. नोकरी गेली तर लग्न कशावर करणार? आणि वाळीत पडलो तर धवलारीण उंबऱ्याला पाय लावायची नाही; तिच्या गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. कंदिलात एक मत पडलं तर गावकी मला सोडणार नव्हती. एकही पडलं नाही तर शेठ. मोजणीला दर केंद्राच्या पेट्या वेगळ्या उघडतात, म्हणजे लपायलाही जागा नव्हती.

त्यात होडीवाला उमेदवार मचव्यातून प्रचाराला आला. त्यानं मचव्यातूनच भाषण सुरू केलं, आणि ओहोटी लागून मचवा चिखलात रुतला. पाणी येईस्तोवर त्याला जाता येईना, आणि गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. लोक एकेक करून उठले. मी जामीन! मी उन्हात बसून माना डोलावत राहिलो. दूर बांधावर शेठचा मुकादम उभा राहून माझ्या माना बघत होता.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. आत शिरलो आणि दोन पेट्यांमध्ये उभा राहिलो. कंदिलाकडे हात गेला की देवी दिसे, होडीकडे गेला की शेठ.

"अहो, आत झोपलात काय?" बाहेरून मतदानाचे साहेब ओरडले.

दचकून कागद होडीत टाकला. बाहेर आलो तेव्हा सदरा भिजला होता. माझ्यामागून बायको गेली, ती पदर सावरायला लागतो तेवढ्या वेळात परतली.

निकाल आणायला वाडीतली माणसं तालुक्याला गेली होती. होडीवाला निवडून आला, पण ती माणसं तोंड पाडून परतली. आमच्या केंद्रावर कंदिलाच्या पेटीत एक मत निघालं होतं.

शेठनं पेढीवर सगळ्यांदेखत पाठ थोपटली. "एकलाच साचा माणस!" आणि त्याच संध्याकाळी देवळात म्होरक्या म्हणाला, "देवीवर हात ठेव आन् सांग, तुजं मत होडीत पडलं का?"

सांगण्यासारखं होतं, आणि खरंही होतं. पण ते सकाळी शेठच्या कानावर गेलं असतं. शिवाय मी नाही तर मग कोण, असं विचारत गावकी घराघरातून फिरली असती. आणि घरं आठवू लागल्यावर मला पहिलं माझंच आठवलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

शिक्षा ठरली. होळीपर्यंत वाळीत, आणि होळीचं झाड मी एकट्यानं तोडून आणायचं. लेखणीशिवाय काही न उचललेला माणूस सुपारीचं झाड ओढत वाडीतून चालला, तेव्हा पोरं मागून "कंदील, कंदील" ओरडत होती. बहिणीचं लग्न लागलं. धवलारणीनं गाण्यात कंदील घातलाच.

सुटलो असं वाटलं, पण पुढच्या निवडणुकीला शेठनं मला इमानी माणूस म्हणून दारोदार कंदिलाच्या प्रचाराला धाडलं, आणि गावकीनं नारळाशेजारी राखणीला माणूस बसवला. तिसऱ्या खेपेला पेट्यांवरची चित्रं गेली, कागदावर शिक्का आला. मी मात्र दोघांच्याही लेखी कंदीलच राहिलो.

त्या तिसऱ्या मतदानाहून आम्ही दोघं बांधावरून परतत होतो. इतकी वर्षं न विचारलेलं मी विचारलं. "ते मत तुझंच ना? माझी नोकरी राहावी म्हणून टाकलंस?"

तिला हसू आवरेना.

"तुमची नोकरी माज्या ध्यानात पन नव्हती," ती म्हणाली. "कंदिलाची मानसं पानवठ्यावर आलती. गोड्या पान्याची हीर बांदू म्हनली. आमा बायकांशी बोलाया तेवढीच आलती. हीर काय झाली न्हाय, म्हनून पुढच्या खेपेला त्याला दिलं न्हाय. आन् आज कोनाला दिलं ते इचारू नका, तुमच्या पोटात ऱ्हायाचं न्हाय."