घाटातला थांबा

धोंडिबा रेल्वेत सांधेवाला होता, गाडीचा रूळ बदलणारा. खंडाळ्याचा घाट उतरणारी प्रत्येक गाडी त्याच्या केबिनपाशी थांबायचीच. सांधा कायम बाजूच्या चढावरच्या रुळाकडे लावलेला, ब्रेक गेलेली गाडी तिकडं चढून आपोआप थांबावी म्हणून. गाडी नीट उभी राहिली, की मगच धोंडिबा तिला खालची वाट द्यायचा. आता एवढ्यासाठी कुणी जन्मभर शिव्या खाव्यात? पण खाल्ल्या बिचाऱ्यानं. ड्रायव्हर चिडायचे, प्रवासी ओरडायचे, "अहो, सोडा की आता!" आणि गंमत बघा, त्याच्या पाळीत एकही गाडी त्या चढावर गेली नाही. सगळी नोकरी फुकटच गेली, असं हल्ली त्यालाही वाटायचं.

त्याची लेक यशोधरा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी पहिली! रविवारी आली ती तोंड उतरवूनच.

"बाबा, शत्रूचं क्षेपणास्त्र येतंय का, हे ओळखणारं यंत्र करतोय आम्ही. आधी यंत्र इशारा द्यायचं आणि माणूस खात्री करायचा. शत्रूशी तसा करारच होता, बॉम्ब सोडण्याआधी दोन्ही देशांनी एकमेकांना फोन करायचा. आता क्षेपणास्त्रं इतकी वेगानं येतात, की विचारायला वेळ नाही म्हणे. मधला माणूसच काढलाय. यंत्र चुकलं, तरी इकडून अणुबॉम्ब सुटणार."

"आन् तुजं काय त्यात?"

"चाचणी पास झाली म्हणून माझी सही हवीय. नाहीतर नोकरी सोड म्हणतात. साहेब विचारतो, त्या मधल्या माणसानं थांबून आजवर काय मिळवलं?"

कर सही आणि हो मोकळी, हे धोंडिबाच्या अगदी ओठावर आलं होतं. "लय दमलोय गं मी," तो म्हणाला. "तुला खुर्ची मिळाली, तवा वाटलं, सुटलो एकदाचा."

खाली घाटात गाडी थांबल्याचा आवाज आला.

"अजून थांबतात?" यशोधरानं विचारलं.

"थांबत्यात की." धोंडिबानं तोंडावरून हात फिरवला. "नगं करू सही."

सोमवारी तिनं राजीनामा दिला. मंगळवारी तिच्या खुर्चीत दुसरा येऊन बसला आणि दुपारच्या चहाआधी सही करून मोकळा झाला. यशोधरानं फोनवर हे सांगितलं, तेव्हा धोंडिबाला हुंदका आवरेना. लेकीची खुर्ची गेली ती गेलीच, बॉम्बआधीचा थांबाही गेला.