कुणाचा खडा

आमच्या सासूबाईंनी उभा जन्म कारखान्याच्या कँटीनमध्ये तांदूळ निवडले. परातीत पसरायचे, बोटांनी सरकवायचे, खडा दिसला की चिमटीत धरून बाजूला. त्यांच्या हातचा भात खाताना कुणाच्या दाताखाली कधी खडा आला नाही, म्हणून कामगार त्यांना ‘निवडणूक अधिकारी’ म्हणायचे. रिटायर झाल्यावर घरच्या परातीलाही त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत. “तुझं लक्ष असतं कुठे!” माझ्या हातचा पहिला घास तर बोटांनी चाचपूनच खायच्या. अस्सा राग यायचा मला!

गेल्या वर्षी मात्र त्या अगदी खंगल्या. हृदय कमकुवत, नजर अधू. शेवटी परात माझ्याकडे आली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणीसुद्धा ठरेना. दवाखान्यात नाकातून नळी घातली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाई सांगून मोकळ्या झाल्या, “आजी, आतड्यात खडा अडकलाय.”

झालं! सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हिनेच निवडले होते तांदूळ.”

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. नवरा म्हणतो, “आई आजारी आहे, मनावर घेऊ नकोस.” म्हणे मनावर घेऊ नकोस! खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. सुटला असेल का माझ्या नजरेतून एखादा?

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि नीट समजावलं. खडा पित्ताशयात झालेला, चांगला लिंबाएवढा. तिथून भोक पाडून तो शेजारच्या आतड्यात उतरला आणि जठर संपतं तिथेच बूच बसावं तसा बसला. असं फार क्वचित होतं म्हणे. “पोट उघडलं तर एकदाच काय ते मोकळं. पण यांचं हृदय भूल आणि ऑपरेशन सोसेल, याची खात्री मी देणार नाही. दुसरा उपाय म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून खडा फोडायचा आणि तुकडे काढायचे. ते एका खेपेत होईलच असं नाही. तुकडा पुढे जाऊन अडकला, तर ऑपरेशन करावंच लागेल. आणि काहीच नको म्हणालात, तर या नळीवर किती काळ काढणार?”

नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाई मात्र अजून पहिल्याच वाक्यात होत्या. “म्हणजे तांदळातला नाही तो?”

“नाही हो आजी. तुमच्या पोटातच तयार झालाय. कित्येक वर्षं असेल तिथे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “कापू नका मला. एकेक करून निवडून काढा.”

पहिल्या खेपेला खडा दाद देईना. बाहेर बाकावर मी नवऱ्याचा हात गच्च धरून बसले होते. फूट की रे मेल्या! एरवी भांडेन, पण मला त्या घरी हव्या होत्या. दुसऱ्या खेपेला तो फुटला, आणि सगळे तुकडे निघाले.

घरी आल्यावर मऊ भात द्यायची परवानगी मिळाली. मी तांदूळ दोनदा निवडले, भात वाढला आणि त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहिले. त्यांनी घास उचलला आणि थेट तोंडात घातला.

“आई, चाचपलं नाहीत?”

“खडा माझाच होता गं,” त्या म्हणाल्या. “आणि नाव तुझं घेतलं मी.” मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “वाढ अजून थोडा.”